छत्र्या नसलेली पुळण: क्रीटमध्ये कुठे? (सोबत आईचे गुडघे)

मनवा

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ग्रीसच्या क्रीट बेटावर चाललोय. मी, नवरा आणि आई. आम्ही दोघं स्टुटगार्टला असतो, आई सांगलीहून आलीये. तिचं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे समुद्राच्या बाबतीत बाई भलत्याच चिकित्सक. मागच्या वर्षी तिला मायोर्काला नेलं होतं. एका नावाजलेल्या किनाऱ्यावर पोचलो, तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि म्हणाली, "समुद्र कुठाय गं? मला नुसत्या छत्र्याच दिसतायत."

या खेपेला तसं नको. नेटवर 'क्रीटचे गुप्त किनारे' म्हणून ज्या याद्या आहेत त्यात पहिले दोन नंबर ठरलेले: बालोस आणि एलाफोनिसी. सगळ्या जगाने फोटो टाकून झालेत, ते गुप्त कसं?

अटी: वाळू हवी, बारीक खडेही चालतील. कानठळ्या बसवणारं संगीत नको. खाटा-छत्र्या नसल्या तर सोन्याहून पिवळं. आणि मुख्य अडचण म्हणजे आईचे गुडघे. सपाटीवर दहा मिनिटं चालते, उतार आणि पायऱ्या नकोत. गाडी भाड्याने घेणार आहोत. सहा दिवस, चानियाला उतरतोय.

---

बंडोपंत

वेंगुर्लेकरणीला समुद्र दाखवायला क्रीटला नेणं म्हणजे सांगलीला हळद विकायला नेणं. हलकेच घ्या.

---

रानभूल

मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा पाठीवर सॅक टाकून. क्रीटचा नकाशा उघडा. बेट पूर्व-पश्चिम साधारण २६० किमी लांब, रुंदी मात्र चिंचोळी. मोठा रस्ता, विमानतळ, मोठी हॉटेलं सगळं उत्तर किनाऱ्यावर. दक्षिणेला, त्यातही नैऋत्येला, लेफ्का ओरी नावाचे डोंगर आहेत. अडीच हजार मीटरच्या आतबाहेरची शिखरं, आणि ती जवळजवळ थेट समुद्रात उतरतात. तिथे रस्ता करायला जागाच नाही. जिथे रस्ता नाही तिथे बस नाही, आणि जिथे बस नाही तिथे छत्री नाही.

माझी आवडती ठिकाणं:

केद्रोदासोस. एलाफोनिसीच्या पूर्वेला, अर्धापाऊण तास चालत. नाव देवदाराच्या बनाचं, झाडं खरी जुनिपरची. वाळूत वाकडीतिकडी वाढलेली, त्यांच्याच सावलीत पडून राहायचं.

ग्लिका नेरा. शब्दशः 'गोडं पाणी'. किनाऱ्यावरचे खडे हाताने उकरले की खाली गोड्या पाण्याचे झरे लागतात. डोंगराच्या कडेकडेने चालत जायचं, नाहीतर होडीने.

मार्मारा, आरादेना घळीच्या तोंडाशी. आणि लिसोस, सुगिया गावातून दीडेक तास चालत. तिथे किनाऱ्यामागे ग्रीकांच्या वैद्यदेवाचं, अस्क्लेपियसचं, जुनं देऊळ आहे, जमिनीवर मोझाइक शिल्लक आहे. प्राचीन काळी लोक तिथे दुखणी बरी करायला जायचे.

---

मनवा

रानभूल, फार सुंदर. पण यातल्या प्रत्येकात 'चालत' हा शब्द आहे. गुडघे बरे करायला देवळात जायचं, आणि देवळात जायला गुडघे बरे हवेत!

---

चहाटळ_चहा

वाचनखूण साठवली. आयुष्यात जाणं होईल असं नाही, पण साठवली.

---

खारा वारा

धागा चांगला आहे, पण माझं मत थोडं कडू. कृपया नावं लिहू नका.

२०११ साली चानियाजवळच्या अक्रोतिरी द्वीपकल्पावर सेइतान लिमानिया नावाच्या खाडीत उतरलो होतो. नावातच सैतान आहे. नागमोडी फट, तिच्या टोकाला चार खोल्यांएवढा किनारा, निळंशार पाणी. आम्ही सात माणसं आणि काही शेळ्या होत्या. २०१९ ला बायकोला दाखवायला घेऊन गेलो तर वरती गाड्यांची रांग, खाली पाय ठेवायला जागा नाही, आणि त्या उतारावर सपाता घालून घसरणारी मंडळी. शेळ्या मात्र होत्या. आता लोकांच्या पिशव्यांत तोंड घालतात.

मधल्या आठ वर्षांत काय झालं? कोणीतरी नाव लिहिलं. तुम्ही-आम्हीच.

---

मनवा

अहो खारा वारा, मग आम्ही विचारायचं कोणाला? तुम्हालाही कोणीतरी सांगितलंच असेल ना? आपण जाऊन यायचं आणि मागून दार लावून घ्यायचं, ही लोकलच्या डब्यातली वृत्ती झाली. आत शिरेपर्यंत "सरका सरका", आत शिरल्यावर "जागा नाही".

---

चहाटळ_चहा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

खारा वारा

मला एका म्हाताऱ्या मेंढपाळाने सांगितलं होतं. त्याच्याकडे इंटरनेट नव्हतं. एवढाच फरक.

---

सारंग_तांडेल

मर्चंट नेव्हीत असल्याने क्रीट पाण्याच्या बाजूने पाहिलंय. दक्षिणेला काली लिमेनेस म्हणून बंदर आहे, अर्थ 'चांगली बंदरं'. समोरच्या छोट्या बेटावर तेलाच्या टाक्या आहेत, जहाजं तिथे इंधन घेतात. बायबलमध्ये या जागेचा उल्लेख आहे. संत पॉलला कैदी म्हणून रोमला नेणारं जहाज इथे थांबलं होतं. पॉल म्हणाला हिवाळा आलाय, पुढे जाऊ नका. कप्तानाने ऐकलं नाही, पुढच्या बंदरात हिवाळा काढू म्हणून निघाला, वादळात सापडला आणि जहाज माल्टाला फुटलं. प्रवाशाचं ऐकायचं नाही ही कप्तानांची परंपरा जुनी आहे.

टाक्या दिसत असल्याने पर्यटक नाक मुरडतात, म्हणूनच किनारा शांत असतो. निवांतपणा हवा असेल तर थोडी कुरूप जागा निवडा, असं माझं म्हणणं.

---

निशिगंधा_हे

उशिरा येतेय धाग्यावर. पोस्टडॉकच्या निमित्ताने तीन वर्षं हेराक्लिओनला राहिले, त्यामुळे जरा लांबण लावते.

खारा वारा यांचं दुःख समजतं, पण शांत किनारा ही जागा कमी आणि वेळ जास्त असते. एलाफोनिसीचंच घ्या. गुलाबी वाळू (ती शंखशिंपले आणि सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांच्या चुऱ्याची; पिशवीत भरून आणायला बंदी आहे), गुडघाभर पाणी, त्यातून चालत समोरच्या बेटावर जायचं. अकराच्या सुमारास चानियाहून बसेस येऊन ओततात, चारनंतर परत निघतात. सकाळी आठला गेलात तर तोच किनारा वेगळा. ऑगस्टमध्ये मात्र हे गणित चालत नाही. १५ ऑगस्टला मरियमचा मोठा सण असतो आणि अख्खा ग्रीस सुट्टीवर. सप्टेंबरअखेर तुम्ही निवडलंयत ते उत्तम, पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं. मे महिन्यात हवा छान आणि पाणी बर्फ, हे माहीत नसलेले लोक फसतात.

दुसरं वाऱ्याचं. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून 'मेल्तेमी' वाहतो, सप्टेंबरमध्येही अधूनमधून सापडतो. उत्तर किनाऱ्यावर लाटा उसळतात. मग वाटतं दक्षिणेला शांत असेल. पाणी सपाट असतं खरं, पण तोच वारा डोंगर ओलांडून घळींमधून खाली कोसळतो. प्लाकियास, त्रिओपेत्रा, फ्रांगोकास्तेलो या भागात असा सुटतो की वाळू पोटऱ्यांना सुया टोचल्यासारखी लागते. रोज सकाळी वाऱ्याचा अंदाज बघा आणि मग किनारा ठरवा. म्हणूनच मला पालेओखोरा आवडतं. गाव एका जिभेवर वसलंय, पश्चिमेला वाळूचा किनारा, पूर्वेला खड्यांचा. एकीकडे वारा असला तर पाच मिनिटं चालून दुसरीकडे.

तिसरं, नावं वाचायला शिका. 'आमोस' म्हणजे वाळू, 'खालिकिया' म्हणजे खडे, 'लिमानी' बंदर, 'फारांगी' घळ. आपल्याकडे नावात 'बाव' असलं की विहीर असणार हे कळतं, तसंच. पाटीवर 'फारांगी' दिसलं तर आईंना गाडीतच बसू द्या.

आणि किनाऱ्यावर तपकिरी वाळक्या पट्ट्यांचे ढीग दिसले तर नाक मुरडू नका. ते पोसिडोनिया ओशनिका नावाचं समुद्री गवत, फक्त भूमध्य समुद्रात वाढतं. हिवाळ्याच्या लाटांपासून तेच वाळू धरून ठेवतं. हॉटेलवाले ते यंत्राने उचलून नेतात. ढीग जागच्या जागी असेल तर समजायचं, इथे अजून खाटवाला पोचलेला नाही.

---

रानभूल

दंडवत. गवताचा मुद्दा माहीत नव्हता. मी त्याला कचरा समजून फोटोतून कापत होतो.

---

डोंबिवली_फास्ट

एक शंका. ग्रीसमध्ये किनाऱ्यावर बसायचे पैसे पडतात ना? मित्राने दोन खाटांचे तीस युरो मोजले.

---

निशिगंधा_हे

खाटेचे पडतात, किनाऱ्याचे नाहीत. किनारा सार्वजनिक असतो, हॉटेलसमोरचाही. टॉवेल टाकून बसायला कोणी अडवू शकत नाही. २०२३ मध्ये पारोस बेटावरच्या लोकांनी याच कारणावरून आंदोलन केलं. खाटांनी अख्खी वाळू व्यापली म्हणून टॉवेल घेऊन रस्त्यावर उतरले. 'टॉवेल चळवळ' असंच नाव पडलं आणि ती इतर बेटांवर पसरली. २०२४ मध्ये सरकारने नवा कायदा आणला, अतिक्रमणाची तक्रार फोनवरून करायचं 'मायकोस्ट' अॅप काढलं, आणि देशभरातल्या १९८ किनाऱ्यांची यादी केली जिथे खाटा-छत्र्या लावायलाच बंदी. यादीचं ग्रीक नाव 'अपातितेस', म्हणजे पाऊल न पडलेले. मनवा, तुझ्या आईंसाठी सरकारी यादीच तयार आहे.

---

खारा वारा

सरकारनेच पाऊल न पडलेल्या किनाऱ्यांची यादी छापली म्हणजे आता पावलंच पावलं.

---

बंडोपंत

खाऱ्या वाऱ्याला आज बरीच भरती आहे.

---

माईंचा_बाळ

शाकाहारी लोकांचं काय होतं तिथे? आईसाहेब मासे खात असतील, वेंगुर्ल्याच्या आहेत. पण आमच्या घरात लसूणसुद्धा चौकशी करून येतो.

---

निशिगंधा_हे

क्रीटमध्ये अजिबात अडत नाही. डाकोस मागा: जवाचा कडक पाव, वर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज, ऑलिव्ह तेल. होर्ता म्हणजे रानभाज्या उकडून वर तेल-लिंबू. ब्रियाम म्हणजे बटाटा, वांगं, झुकिनी एकत्र भाजलेली. फावा हे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण समजा.

आणि एक जादूचा शब्द: 'निस्तीसिमो'. म्हणजे उपवासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवास वर्षात भरपूर, त्यात मांस, अंडी, दूध काही चालत नाही. "निस्तीसिमो आहे का?" विचारलं की आजीबाई खूश होऊन स्वयंपाकघरात नेतात. फक्त सावध राहा. रक्त नसलेले प्राणी चालतात असा त्यांचा हिशेब, त्यामुळे त्यांच्या उपवासाला ऑक्टोपस आणि कोळंबी चालते.

---

माईंचा_बाळ

उपवासाला ऑक्टोपस!! हे माईंना सांगत नाही. एकादशीचं वातावरण बिघडेल.

---

सारंग_तांडेल

आमच्याकडे सांगा, आम्ही आजच धर्मांतर करतो.

---

गाडीवान

गाडीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. भाड्याच्या गाडीच्या करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की कच्च्या रस्त्यावर विमा लागू नाही, आणि टायर व गाडीचं पोट बहुतेकदा त्यात येतच नाही. बालोसचा शेवटचा आठेक किलोमीटरचा रस्ता कच्चा. माझं पूर्वेकडच्या एका कच्च्या रस्त्यावर टायर फाटलं, स्टेपनी नव्हती, फक्त फेस मारायची बाटली. दोन तास उन्हात. भाड्याच्या कंपनीने (नाव सांगत नाही) टायरचे पैसे तर घेतलेच, वर 'रस्त्याच्या निवडीबद्दल' सुनावलं.

मनवा, तुमच्याकडे जर्मन लायसन्स असेल, प्रश्न नाही. भारतातून थेट जाणाऱ्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या.

आणि मोठ्या रस्त्यावर सगळे उजवीकडच्या कडेच्या पट्ट्यावर सरकून मागच्याला वाट देतात. पहिल्या दिवशी घाबरलो, दुसऱ्या दिवशी मीही सरकलो.

---

खट्याळ_खेकडा

सगळे सज्जन लोक जी गोष्ट टाळतायत ती मी सांगतो. क्रीटमध्ये किनारा जितका निवांत, तितके कपडे कमी. सुगियाचं पूर्वेचं टोक, लेंदासजवळचा दितिकोस, ग्लिका नेराचा काही भाग... लोक बिनकपड्यांचे पहुडलेले असतात. कोणाला काही वाटत नाही. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. त्यांनी अर्धा तास समुद्राकडे तोंड करून जपमाळ ओढली.

---

मनवा

हे वेळेवर सांगितलंत! आईला विचारलं. म्हणाली, "मला काय करायचंय, माझा चष्मा पिशवीत असतो."

---

बंडोपंत

आता एक गंभीर प्रश्न. मी दर वर्षी वेळासला कासवं बघायला जातो. मार्चमध्ये ऑलिव्ह रिडलेची पिल्लं टोपलीखालून निघतात आणि समुद्राकडे धावतात. क्रीटमध्ये कासवं आहेत असं ऐकून आहे.

---

निशिगंधा_हे

आहेत. तिथली कॅरेटा कॅरेटा, आपल्या रिडलेपेक्षा मोठी. रेथिम्नो, चानिया आणि मेसारा उपसागर या तीन भागांत अंडी घालतात. उन्हाळ्यात घालतात, पिल्लं ऑक्टोबरपर्यंत निघत राहतात. म्हणजे मनवाच्या तारखांत शेवटची काही घरटी दिसू शकतील. वेळासला अंडी उचलून कुंपणात आणतात, इकडे बहुतेक घरटी जागच्या जागीच ठेवून भोवती चौकट उभी करतात. मी पाहिली ती कोमोसला. लांबच लांब किनारा, आणि मागे मिनोअन काळातल्या (म्हणजे क्रीटच्या प्राचीन संस्कृतीच्या) बंदराचे अवशेष. उत्खनन आणि कासवं दोन्ही असल्याने बांधकाम नाही. क्रीटमध्ये माझा साधा ठोकताळा आहे: जिथे पुरातत्त्ववाल्यांचं कुंपण, तिथे किनारा वाचलाय. कातो झाक्रोसही तसंच. राजवाडा सापडला म्हणून हॉटेल उभं राहिलं नाही.

पण कोमोसला गाडीतळापासून उतार आहे. त्यामुळे तोही बाद.

---

रानभूल

गुडघ्यांचा विचार करत होतो दोन दिवस. मनवा, फ्रांगोकास्तेलो बघ. मी तिथे गेलो तेव्हा 'फारच सोपं' म्हणून नाक मुरडलं होतं, पण तुम्हाला तेच हवंय. व्हेनिसवाल्यांनी १३७१ ते १३७४ मध्ये बांधलेला चौकोनी किल्ला, आणि त्याच्या पायथ्याशीच वाळू. गाडी जवळ लागते. पाणी इतकं उथळ की लहान मुलं लांबवर चालत जातात. किल्ल्यासमोर थोड्या छत्र्या असतात, पण बाजूला सरकलं की मोकळं. चानियाहून व्रिसेसमार्गे डोंगर ओलांडून स्फाकियाकडे उतरायचं. उतरताना वळणं अशी आहेत की आईंना पुढच्या सीटवर बसव आणि आवळासुपारी दे.

अवांतर: तिथे भुतं आहेत. १८२८ मध्ये ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात हाजीमिखालिस दालियानिस आणि त्याची शेकडो माणसं तुर्कांशी लढताना इथे मारली गेली. दर वर्षी मेअखेर-जूनच्या सुरुवातीला, पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, काळ्या सावल्यांची रांग किल्ल्याकडे चालत जाते म्हणतात. नाव 'द्रोसुलितेस', दवाची माणसं. मृगजळाचा प्रकार असावा असंही सांगतात.

---

सारंग_तांडेल

आईंना विचारा, वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा ग्रामदेव वेतोबाही रात्री गावाची राखण करत फिरतो ना? चपला झिजतात म्हणून लोक त्याला भल्या मोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. ते दवाचे लोक अनवाणी चालतात बहुधा.

---

मनवा

आईला वाचून दाखवलं. तिचा निर्णय झालाय. "वेतोबाच्या ओळखीचे आहेत तर तिकडेच जाऊ." मंडळी, फ्रांगोकास्तेलोजवळ चार रात्री, चानियाला दोन. आल्यावर लिहिते.

---

चहाटळ_चहा

जाणारे धागे परत येत नाहीत असा अनुभव आहे. वाट बघतो.

---

मनवा (तीन आठवड्यांनी)

आले परत! चहाटळ, हे तुमच्यासाठी.

पहिल्या दिवशी एलाफोनिसी. निशिगंधाताईंचं ऐकून पहाटे अंधारात निघालो, सव्वाआठला पोचलो. मोजून अकरा माणसं. आई गुडघाभर पाण्यात उभी राहून बराच वेळ काही बोलली नाही, म्हणजे आवडलं. साडेदहाला पहिली बस आली, मग दुसरी, मग मोजणं सोडलं. आई म्हणाली, "चला, जत्रा भरली." अकराला आम्ही उलट दिशेने घाट चढत होतो आणि समोरून गाड्यांची मुंग्यांसारखी रांग.

फ्रांगोकास्तेलो. रानभूल, तुम्हाला आईकडून खास आशीर्वाद. गाडीतून उतरल्यापासून पाण्यापर्यंत तिला चार मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं. किल्ल्यासमोर छत्र्या होत्या, पण अर्ध्या मिटलेल्या. आम्ही शंभरेक पावलं पलीकडे चादर टाकली. दोन दिवस पाणी तेलासारखं. तिसऱ्या दिवशी तो डोंगरावरून कोसळणारा वारा आला. सुयांची उपमा अगदी बरोबर होती. आईने पदराने तोंड झाकलं आणि म्हणाली, "हा तर आपला मतलईच, फक्त चिडलेला." मतलई म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, हे मला त्या दिवशी कळलं. त्या दिवशी किल्ल्याच्या भिंतीच्या आडोशाला बसून डाकोस खाल्लं. पाव इतका कडक की आईने तो पाण्यात भिजवून मागितला. खानावळवाली म्हणाली, बरोबर आहे, भिजवूनच खातात.

भुतं दिसली नाहीत. आई पहाटे दोनदा उठून बघून आली. 'हंगाम नाही त्यांचा,' म्हणाली.

ग्रीकमध्ये हो म्हणायला 'ने' म्हणतात, हे कोणीच सांगितलं नव्हतं! एका वळणावर म्हाताऱ्याला नवऱ्याने खुणेने विचारलं, गाडी खाली जाईल का. तो म्हणाला "ने, ने!" नवरा गोंधळला, तो डोंबिवलीचा असूनही त्याला 'ने' म्हणजे 'नाही'च वाटलं. आई मागून म्हणाली, "अरे ने म्हणतोय ना तो, ने गाडी!" नेली.

आणि तो रस्ता खाली जिथे संपला ती आमची खरी पुळण. शेवटपर्यंत डांबर (गाडीवान, शपथेवर सांगते). एक पांढरं चिमुकलं चर्च, तीन टॅमरिस्कची झाडं, गवताचे ढीग जागच्या जागी. छत्री एकही नाही, फक्त एक कोळी जाळं सोडवत बसलेला. आई त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्याच्या गाठी तिला पसंत पडल्या नाहीत असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. शेवटचे दोन्ही दिवस आम्ही तिथेच काढले.

---

डोंबिवली_फास्ट

वा! नाव काय त्या किनाऱ्याचं? पुढच्या मेमध्ये जातोय.

---

मनवा

त्याचं असं आहे... आईने सांगितलंय, इंटरनेटवर लिहायचं नाही.

---

खारा वारा

:) :) :)

---

मनवा

खारा वारा, एक अक्षर बोलू नका.

---

खारा वारा

मी कुठे काय म्हणालो. सरका सरका.

---

डोंबिवली_फास्ट

हा अन्याय आहे. लोकलच्या डब्याची उपमा कोणी दिली होती ते वर जाऊन वाचा. निदान व्यक्तिगत निरोप तरी पाठवा.

---

रानभूल

डांबर शेवटपर्यंत, चर्च, तीन झाडं, फ्रांगोकास्तेलोपासून रोज जाऊन येण्याइतकं जवळ... उपग्रहाच्या नकाशावर अर्धा तास घालवला. मनवा, सापडलं बहुतेक. खालच्या प्रतिसादात लिहितो, बरोबर का सांग.

---

रानभूल

*धागाकर्तीच्या आईंच्या विनंतीवरून हा प्रतिसाद अप्रकाशित केला आहे. (संपादक)*

---

चहाटळ_चहा

मी वाचला होता.